भारतीय रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांची इंजिने व डबेरचना

भारतीय रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या प्रवासी गाडीत एक किंवा अधिक इंजिने आणि त्यांना जोडलेले वेगवेगळ्या प्रकारचे डबे असतात. हे डबे कोणत्या क्रमाने जोडावेत, त्यांची संख्या किती असावी आणि ती गाडी कोणत्या इंजिनाने ओढावी, याच्या एकत्रित मांडणीस डबेरचना असे म्हणतात. ही रचना फलाटांची लांबी, मार्गावरील चढ, इंजिनाची ओढण्याची क्षमता, विजेचा पुरवठा, देखभालीची सोय, प्रवाशांची मागणी आणि अपघातातील सुरक्षितता अशा अनेक बाबींवर ठरते. भारतातील बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्या १,६७६ मिलिमीटर रुंदीच्या ब्रॉड गेज लोहमार्गावरून धावतात. या लेखात प्रामुख्याने याच गाड्यांचा विचार केला आहे.

संज्ञा

इंजिन सोडून उरलेल्या, एकमेकांस जोडलेल्या डब्यांच्या संपूर्ण संचास रेल्वेच्या व्यवहारात 'रेक' म्हणतात. गाडीचे नाव व क्रमांक हे वेळापत्रकातील फेरीला दिलेले असतात, रेकला नव्हे. एकच रेक आज एका नावाने तर उद्या दुसऱ्या नावाने धावू शकतो. पल्ला मोठा असल्यास रोज धावणाऱ्या एका गाडीसाठी चार-पाच किंवा त्याहून अधिक रेक लागतात, कारण पहिला रेक परत येईपर्यंत दररोज नवा रेक निघावा लागतो.

बोलचालीत डब्यालाच 'बोगी' म्हणण्याची पद्धत मराठीत रूढ आहे. तांत्रिक भाषेत मात्र बोगी म्हणजे डब्याखालील चाके, आस, स्प्रिंगा व ब्रेक असलेला सांगाडा होय. प्रत्येक डब्याखाली अशा दोन बोगी असतात आणि प्रत्येक बोगीला दोन आस म्हणजे चार चाके असतात.

इतिहास

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे या ३४ किलोमीटर अंतरावर भारतातील पहिली प्रवासी गाडी धावली. तिला १४ डबे होते आणि साहिब, सिंध व सुलतान या तीन वाफेच्या इंजिनांनी ती ओढली. म्हणजे एकाच गाडीला एकाहून अधिक इंजिने जोडण्याची प्रथा भारतात पहिल्या दिवसापासून आहे.

वाफेच्या काळात इंजिनाला ठराविक अंतरावर पाणी व कोळसा घ्यावा लागे. त्यामुळे लांबच्या प्रवासात इंजिन अनेकदा बदलले जाई. पुढच्या डब्यांतील प्रवाशांना धूर व कोळशाची कणी सोसावी लागत असे. स्वातंत्र्यानंतर गोलाकार पुढच्या भागामुळे सहज ओळखू येणारे डब्ल्यूपी वर्गाचे इंजिन अनेक प्रमुख गाड्यांना लावले जाई. ब्रॉड गेजवरील वाफेच्या इंजिनांची नियमित सेवा १९९५ मध्ये संपली.

विजेवरील पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी १,५०० व्होल्ट एकदिश प्रवाहावर धावली. काही वर्षांतच हे विद्युतीकरण भोर घाटातून पुण्यापर्यंत आणि थळ घाटातून इगतपुरीपर्यंत पोहोचले. १ जून १९३० रोजी सुरू झालेल्या दख्खनच्या राणीला आरंभी सात-सात डब्यांचे दोन रेक होते व ती विजेच्या इंजिनाने ओढली जाई. याच काळात घाटातील मालगाड्यांसाठी आणलेल्या, मध्ये सांधा असलेल्या विजेच्या इंजिनांना त्यांच्या चालीमुळे व आवाजामुळे रेल्वे कर्मचारी 'खेकडा' म्हणत.

डिझेल इंजिनांचा मोठ्या प्रमाणावर वापर १९६० च्या दशकात सुरू झाला. अमेरिकी अल्को कंपनीच्या आराखड्यावर आधारलेले २,६०० अश्वशक्तीचे डब्ल्यूडीएम-२ हे इंजिन पुढे वाराणसीच्या कारखान्यात तयार होऊ लागले आणि अनेक दशके ते देशभरातील प्रवासी व मालगाड्यांचा आधार होते. दरम्यान १९५७ मध्ये २५ किलोव्होल्ट प्रत्यावर्ती प्रवाहाची प्रणाली स्वीकारण्याचा निर्णय झाला आणि नवे विद्युतीकरण तिच्यावरच झाले.

डब्यांच्या बाबतीत १९७४ मध्ये तिसरा वर्ग रद्द होऊन त्याचे दुसऱ्या वर्गात रूपांतर झाले. तोवर साध्या शयनयानात लाकडी बाके असत. १९७७ ते १९७९ या काळात रेल्वेमंत्री असलेले कोकणातील खासदार मधु दंडवते यांनी दुसऱ्या वर्गाच्या बाकांवर फोमच्या गाद्या बसविण्याचा निर्णय घेतला. साध्या वर्गातील लांबच्या प्रवासाचे स्वरूप त्यामुळे कायमचे बदलले. वातानुकूलित तीन-स्तरीय डबे १९९० च्या दशकात आले आणि पुढे मध्यमवर्गीय प्रवाशांमध्ये ते सर्वाधिक पसंतीचे ठरले.

इंजिने

वर्गनाम

भारतीय इंजिनांच्या वर्गनामातील प्रत्येक अक्षराला अर्थ असतो. पहिले अक्षर लोहमार्गाची रुंदी दाखवते: 'डब्ल्यू' म्हणजे ब्रॉड गेज, 'वाय' म्हणजे मीटर गेज, तर 'झेड' व 'एन' ही अक्षरे अरुंद मार्गांसाठी आहेत. त्यानंतर शक्तीचा प्रकार येतो: 'डी' म्हणजे डिझेल, 'सी' म्हणजे एकदिश विद्युत प्रवाह, 'ए' म्हणजे प्रत्यावर्ती प्रवाह आणि 'सीए' म्हणजे दोन्हींवर चालणारे. पुढील अक्षर काम सांगते: 'पी' प्रवासी, 'जी' माल, 'एम' दोन्ही आणि 'एस' यार्डातील शंटिंग. यानुसार डब्ल्यूएपी-७ हे ब्रॉड गेजवरील, प्रत्यावर्ती प्रवाहावर चालणारे प्रवासी इंजिन ठरते.

प्रवासी व माल इंजिनांतील फरक

प्रवासी इंजिनाला वेग जास्त लागतो, तर माल इंजिनाला ओढण्याचे बळ जास्त लागते. एकाच आराखड्यातील दोन इंजिने केवळ दातेरी चाकांच्या प्रमाणातील फरकामुळे वेगवेगळ्या कामांची होऊ शकतात. डब्ल्यूएपी-७ हे डब्ल्यूएजी-९ या माल इंजिनाचे असेच प्रवासी रूप आहे. त्याची शक्ती ६,००० अश्वशक्तीहून अधिक, वजन १२३ टन आणि आस सहा आहेत. डब्ल्यूएपी-५ या इंजिनाची शक्ती त्याहून फार कमी नाही, परंतु त्याला चारच आस असून वजन सुमारे ७८ टन आहे. चाकांची रुळावरील पकड वजनावर अवलंबून असते. त्यामुळे हलक्या व वेगवान गाड्यांना डब्ल्यूएपी-५ सोयीचे पडते, तर २२ ते २४ डब्यांच्या जड गाडीला स्थिर अवस्थेतून हलवण्यासाठी डब्ल्यूएपी-७ अधिक योग्य ठरते.

इंजिन बदलणे

ज्या स्थानकात विजेची प्रणाली बदले किंवा विद्युतीकरण संपे, तेथे इंजिन बदलावे लागे. मुंबई परिसर दीर्घकाळ १,५०० व्होल्ट एकदिश प्रवाहावर चालत असल्याने इगतपुरी हे इंजिनबदलाचे महत्त्वाचे स्थानक होते. पुण्याहून दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्यांना पुणे स्थानकात डिझेल इंजिन लावले जाई. दोन्ही प्रवाहांवर चालणाऱ्या डब्ल्यूसीएएम वर्गातील इंजिनांनी ही अडचण बऱ्याच अंशी कमी केली. मुंबई भागाचे २५ किलोव्होल्टमध्ये रूपांतर पूर्ण झाल्यावर या इंजिनांची मूळ गरज संपली. १९९८ मध्ये संपूर्ण खुली झालेली कोकण रेल्वे सुरुवातीची दोन दशकांहून अधिक काळ डिझेलवर चालली. २०२२ मध्ये तिचे विद्युतीकरण पूर्ण झाले.

इंजिन बदलण्यात केवळ जोडणी सोडणे व लावणे एवढेच काम नसते. ब्रेकची हवा पुन्हा भरावी लागते, शेवटच्या डब्यापर्यंत ब्रेक लागतो का हे तपासावे लागते आणि त्यानंतरच गाडी सोडता येते. त्यामुळे वेळापत्रकात यासाठी स्वतंत्र वेळ राखावा लागतो.

डबे

आयसीएफ व एलएचबी

पेरांबूर येथील इंटिग्रल कोच फॅक्टरी १९५५ मध्ये सुरू झाली. तेथे स्वित्झर्लंडच्या श्लीरेन येथील कंपनीच्या आराखड्यावर पोलादी डबे बनू लागले. कारखान्याच्या आद्याक्षरांवरून या डब्यांना 'आयसीएफ डबे' हे नाव पडले. सहा दशकांहून अधिक काळ हा देशातील प्रमाण डबा होता. २०१८ च्या आरंभी त्याचे उत्पादन थांबवण्यात आले.

त्याची जागा लिंके-हॉफमान-बुश या जर्मन कंपनीच्या आराखड्यावरील 'एलएचबी' डब्यांनी घेतली. २००० च्या सुमारास ते भारतात आले आणि पुढे कपूरथळा येथील कारखान्यात तयार होऊ लागले. दोन्ही डब्यांतील मुख्य फरक असे आहेत:

- आयसीएफ डब्याची लांबी सुमारे २१.३ मीटर, तर एलएचबी डब्याची सुमारे २३.५ मीटर असते. त्यामुळे प्रत्येक डब्यात अधिक आसने मावतात.
- आयसीएफ डबे स्क्रू कपलिंगने जोडले जातात आणि त्यांच्या दोन्ही कडांना बफर असतात. एलएचबी डब्यांना मध्यभागी एकच कपलर असतो. जोडणे, ढकलणे व ओढणे ही तिन्ही कामे तोच करतो.
- आयसीएफ डब्याचे ब्रेक चाकाच्या कडेवर ठोकळे दाबून लागतात. एलएचबी डब्यात आसावर बसवलेल्या तबकड्यांवर ब्रेक लागतो.
- एलएचबी डबे ताशी १६० किलोमीटर वेगासाठी योग्य मानले जातात.

जोडणीच्या पद्धती वेगळ्या असल्याने एकाच नियमित रेकमध्ये दोन्ही प्रकारचे डबे सहसा मिसळले जात नाहीत. एखाद्या गाडीचे रूपांतर करायचे असल्यास तिचे सर्व रेक बदलावे लागतात. मध्यवर्ती कपलरमुळे गाडी सुटताना व थांबताना हिसके बसतात, अशी तक्रार एलएचबी डब्यांबाबत आरंभी होती. पुढे सुधारित कपलर बसवून ते कमी करण्याचे प्रयत्न झाले.

प्रकार व आसनसंख्या

आरक्षित डब्यावर वर्ग दाखवणारे अक्षर आणि त्यापुढे अनुक्रमांक लिहिलेला असतो. उदाहरणार्थ, 'बी-३' म्हणजे वातानुकूलित तीन-स्तरीय वर्गाचा तिसरा डबा. प्रमुख प्रकारांची सर्वसाधारण आसनसंख्या पुढीलप्रमाणे आहे. डब्याच्या उपप्रकारानुसार तीत थोडा फरक पडतो.

| प्रकार | खूण | आयसीएफ | एलएचबी |
|---|---|---|---|
| प्रथम वर्ग वातानुकूलित | एच | १८ | २४ |
| वातानुकूलित द्विस्तरीय | ए | ४६ | ५२ |
| वातानुकूलित तीन-स्तरीय | बी | ६४ | ७२ |
| शयनयान | एस | ७२ | ८० |
| वातानुकूलित खुर्चीयान | सी | ७३ | ७८ |
| अनारक्षित (जनरल) | – | ९० | १०० |

२०२१ पासून वातानुकूलित तीन-स्तरीय 'इकॉनॉमी' डबे वापरात आले असून त्यांची खूण 'एम' आहे. सुरुवातीच्या रचनेत त्यांत ८३ शायिका होत्या. याखेरीज गाडीत गार्डची जागा, सामानकक्ष, काही आसने व दिव्यांगांसाठीचा कक्ष एकत्र असलेला डबा, स्वयंपाकाची सोय असलेली पेंट्री कार, जनरेटर डबा आणि पार्सल डबा हेही असू शकतात.

डब्यांचा क्रम

एका रेल्वेगाडीतील डब्यांचा क्रम दुसरीत तसाच असेल असे नाही, परंतु त्यामागील तत्त्वे सारखी असतात. पूर्ण लांबीच्या मेल-एक्सप्रेस गाडीत १२ साधे (जनरल व शयनयान) आणि ८ वातानुकूलित डबे असावेत, असे रेल्वेचे सर्वसाधारण धोरण आहे. उरलेले दोन डबे टोकांचे असतात. या धोरणाशी जुळणारी २२ एलएचबी डब्यांची एक नमुना रचना इंजिनापासून पुढीलप्रमाणे मांडता येते:

- १ गार्ड व सामान डबा
- २ जनरल डबे
- ८ शयनयान डबे (एस-१ ते एस-८)
- ५ वातानुकूलित तीन-स्तरीय डबे (बी-१ ते बी-५)
- २ वातानुकूलित द्विस्तरीय डबे (ए-१ व ए-२)
- १ प्रथम वर्ग वातानुकूलित डबा (एच-१)
- २ जनरल डबे
- १ जनरेटर डबा (त्यात शेवटी गार्डची जागा)

टोकाचे डबे वगळता या नमुन्यात सुमारे १,५२८ आसने व शायिका होतात. त्यांपैकी १,०४० साध्या वर्गात आणि ४८८ वातानुकूलित वर्गांत येतात.

या क्रमामागील प्रमुख कारणे अशी आहेत:

- एकाच वर्गाचे डबे सलग ठेवल्याने प्रवाशांना फलाटावर डबा शोधणे सोपे जाते. तिकीट तपासनीसाचे कामही सुकर होते.
- डब्यांना जोडणाऱ्या झाकलेल्या वाटेतून जेवण पोहोचवता यावे, म्हणून पेंट्री कार असल्यास ती सहसा रेकच्या मध्याजवळ जोडतात.
- आरक्षित व अनारक्षित भाग वेगळे राहावेत, म्हणून जनरल डबे टोकांना ठेवले जातात. दोन्ही टोकांना विभागल्यामुळे अनारक्षित प्रवाशांची गर्दी फलाटाच्या एकाच भागात होत नाही.
- सामान व जनरेटरचे डबे दोन्ही टोकांना ठेवल्यामुळे समोरासमोरच्या किंवा मागून होणाऱ्या टकरीत पहिला आघात कमी प्रवासी असलेल्या डब्यावर बसतो.

राजधानी व तत्सम पूर्ण वातानुकूलित गाड्यांत जनरल व साधे शयनयान डबे नसतात.

विद्युतपुरवठा

दिवे, पंखे व वातानुकूलन यांसाठी डब्यांना वीज पुरवण्याच्या तीन पद्धती आहेत.

पहिल्या पद्धतीत प्रत्येक डबा स्वतःची वीज स्वतः निर्माण करतो. डब्याखालील अल्टरनेटर चाकांच्या आसाला पट्ट्याने जोडलेला असतो आणि तयार झालेली वीज बॅटरीत साठवली जाते. गाडी दीर्घकाळ उभी राहिली तर बॅटरी उतरते. जुन्या गाड्यांत थांब्यावर पंखे मंदावण्याचे कारण बहुधा हेच असे. शिवाय या अल्टरनेटरला फिरवण्यासाठी लागणारी शक्तीही शेवटी इंजिनच पुरवत असते.

दुसऱ्या पद्धतीत गाडीच्या दोन्ही टोकांना डिझेल जनरेटरचे डबे असतात. तेथून ७५० व्होल्ट दाबाची त्रिकला वीज संपूर्ण रेकमध्ये फिरवली जाते. अधिक वातानुकूलित डबे असलेल्या गाड्यांत ही पद्धत रूढ झाली. तिच्यात डिझेलचा खर्च मोठा असतो आणि टोकाच्या डब्यांजवळ आवाज व धूर यांचा त्रास होतो.

तिसऱ्या पद्धतीत विजेचे इंजिन वरच्या तारेतून घेतलेल्या विजेचा काही भाग रूपांतरित करून थेट रेकला देते. ही पद्धत आल्यापासून अनेक गाड्यांत दोनपैकी एक जनरेटर डबा काढून त्याजागी गार्ड, सामान व प्रवासी कक्ष असलेला डबा जोडता आला. दुसरा जनरेटर डबा पर्यायी सोय म्हणून ठेवला जातो. वरील नमुना रचनेत एका टोकाला जनरेटर डबा आणि दुसऱ्या टोकाला सामान डबा दिसतो, त्याचे कारण हेच आहे.

ब्रेक

इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत ब्रेकची नळी सलग गेलेली असते. तिच्यात प्रति चौरस सेंटिमीटर ५ किलोग्रॅम दाबाची हवा असते. हा दाब कायम असेपर्यंत ब्रेक सुटलेले राहतात आणि दाब कमी झाला की ते लागतात. त्यामुळे गाडी मध्येच तुटल्यास नळी फाटून हवा निघून जाते व दोन्ही भागांचे ब्रेक आपोआप लागतात. डब्यातील साखळी ओढल्यावरही याच नळीतील हवा बाहेर सोडली जाते.

शेवटच्या डब्याच्या मागील बाजूस मोठी फुली रंगवलेली असते आणि 'एल. व्ही.' अक्षरांची पाटी लावलेली असते. ती दिसली म्हणजे संपूर्ण गाडी स्थानकातून पुढे गेली व मागे एकही डबा राहिला नाही, याची स्थानकातील कर्मचाऱ्यांना खात्री पटते. गार्ड या पदाचे नाव २०२२ पासून 'ट्रेन मॅनेजर' असे झाले आहे.

घाटातील इंजिने

सह्याद्री ओलांडणाऱ्या तीन लोहमार्गांवर ३७ फुटांत एक फूट इतका तीव्र चढ आहे. कर्जत–लोणावळा दरम्यानचा भोर घाट १८६३ मध्ये आणि कसारा–इगतपुरी दरम्यानचा थळ घाट १८६५ मध्ये वाहतुकीस खुला झाला. गोवा व कर्नाटकाच्या सीमेवर कुळे ते कॅसलरॉक दरम्यान ब्रागांझा घाट आहे.

एवढ्या चढावर एक इंजिन का पुरत नाही, हे साध्या हिशोबाने समजते. भरलेला एलएचबी डबा ढोबळमानाने ५० टनांचा धरल्यास २२ डब्यांचे वजन १,१०० टन होते. त्यात १२३ टनांचे इंजिन मिळवले तर एकूण १,२२३ टन होतात. ३७ मध्ये १ या चढावर केवळ गुरुत्वाकर्षणावर मात करण्यासाठी या वजनाच्या सदतिसाव्या भागाइतके, म्हणजे सुमारे ३३ टन बळ लागते. डब्ल्यूएपी-७ इंजिनाचे गाडी सुटतानाचे कमाल बळही जवळपास ३३ टनच आहे. घर्षण व वळणांचा विरोध यांसाठी काहीच उरत नाही आणि पावसात पकड कमी झाल्यास चाके जागीच फिरू लागतात.

म्हणून घाट चढण्यापूर्वी कर्जत व कसारा येथे गाडीच्या मागे दोन-तीन साहाय्यक इंजिने जोडतात. त्यांना 'बँकर' म्हणतात. ती पुढे न जोडता मागे जोडण्याची दोन कारणे आहेत. सर्व बळ पुढून लावल्यास सर्वांत पुढच्या कपलरवर संपूर्ण गाडीचा ताण येतो. मागून ढकलल्यास तो ताण विभागला जातो. दुसरे म्हणजे, एखादी जोडणी तुटलीच तर मागचे डबे घाटात उलटे न घसरता मागील इंजिनांवर टेकून राहतात. कुळे–कॅसलरॉक मार्गावरही साहाय्यक इंजिनांशिवाय जड गाड्या नेता येत नाहीत.

उतरताना प्रश्न उलट असतो. तेथे ओढण्यापेक्षा रोखणे महत्त्वाचे असते. घाटात ठराविक ठिकाणी गाडी थांबवून तिच्यावर ताबा असल्याची खात्री करावी लागते. ताबा सुटलेली गाडी मुख्य मार्गावरून बाजूला, उलट्या चढाच्या मार्गावर वळवण्यासाठी तेथे आपत्कालीन बगलमार्ग ठेवलेले असतात.

बँकर जोडण्यात व काढण्यात जाणारा वेळ वाचवण्यासाठी रेकच्या दोन्ही टोकांना एकेक इंजिन लावून ती दोन्ही पुढच्या चालकाच्या हातून चालवण्याची पद्धत आता वापरली जाते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ते हजरत निजामुद्दीन ही नाशिकमार्गे जाणारी राजधानी एक्सप्रेस जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाली. या गाडीला दोन्ही टोकांना डब्ल्यूएपी-७ इंजिने लावून कसाऱ्याला बँकर जोडण्याची गरज टाळण्यात आली.

दिशाबदल

काही स्थानकांत गाडी ज्या दिशेने आत येते त्याच दिशेने बाहेर पडते. अशा वेळी इंजिन एका टोकाहून काढून दुसऱ्या टोकाला जोडावे लागते आणि डब्यांचा क्रम उलटा होतो, म्हणजे पुढचा डबा मागे जातो. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाड्यांना दौंड येथे असाच दिशाबदल करावा लागे. दौंड स्थानक टाळणारा जोडमार्ग झाल्यावर अशा गाड्यांचा हा वेळ वाचू लागला. फलाटावरील डबेदर्शक फलक आणि प्रत्यक्ष क्रम यांत कधी तफावत आढळते, तिचे एक कारण मार्गातील असा दिशाबदल हे असते.

ज्या स्थानकात लोहमार्ग संपतो, तेथे आलेले इंजिन डबे व शेवटचा अडथळा यांच्यामध्ये अडकते. दुसऱ्या इंजिनाने रेक मागे ओढून नेल्यावरच ते मोकळे होते. यानंतर रेक देखभालीच्या यार्डात नेला जातो. तेथे रुळांखालील खड्ड्यातून बोगी व ब्रेकची तपासणी, पाणी भरणे, स्वच्छता आणि अंथरूण-पांघरूण बदलणे ही कामे होतात.

लांबीची मर्यादा

प्रवाशांची मागणी वाढली तरी डबे अमर्याद वाढवता येत नाहीत. कपलिंग धरून आयसीएफ डबा सुमारे २२.३ मीटर व एलएचबी डबा सुमारे २४ मीटर जागा घेतो. त्यामुळे २४ आयसीएफ डब्यांचा रेक सुमारे ५३५ मीटर, तर २२ एलएचबी डब्यांचा रेक सुमारे ५२८ मीटर लांब होतो. रूपांतरानंतर अनेक गाड्यांचे डबे २४ वरून २२ वर आले, याचे मुख्य कारण हे आहे. डबे दोनने कमी झाले तरी प्रत्येक डब्यातील आसने वाढल्याने एकूण क्षमता फारशी घटत नाही: २४ शयनयान डब्यांच्या १,७२८ शायिकांच्या जागी २२ डब्यांत १,७६० शायिका होतात.

फलाटाबरोबरच बगलमार्ग, देखभालीचे यार्ड आणि सिग्नलमधील अंतर हेही या लांबीला पुरेसे असावे लागते. मार्गावरील एखाद्या स्थानकाचा फलाट लहान असल्यास शेवटचे डबे फलाटाबाहेर राहतात. तेथे वृद्ध, लहान मुले व दिव्यांग प्रवाशांना खडीवर उतरावे लागते.

सुरक्षितता व जनरल डब्यांचा प्रश्न

जुन्या डब्यांचा मोठा दोष म्हणजे टकरीत एक डबा दुसऱ्यावर चढणे किंवा त्यात घुसणे. एलएचबी डब्यांचे कपलर आघातानंतरही डब्यांना एका रेषेत धरून ठेवतात. त्यामुळे हा धोका बराच कमी झाला आहे, तथापि तो संपलेला नाही.

२ जून २०२३ रोजी ओडिशातील बहानगा बाजार येथे कोरोमंडल एक्सप्रेस बगलमार्गावर जाऊन उभ्या मालगाडीवर आदळली. या अपघातात २९० हून अधिक लोक मृत्युमुखी पडले. गाडीला एलएचबी डबे होते. इंजिनाच्या मागे असलेल्या अनारक्षित डब्यांना मोठी हानी पोहोचली. अनारक्षित प्रवाशांची नावे कोणत्याही यादीत नसल्याने अनेक मृतदेहांची ओळख पटवणे कठीण झाले. डबेरचनेचा प्रश्न केवळ सोयीचा नसून त्यात प्रवाशांच्या जीविताचाही प्रश्न गुंतलेला आहे, हे या घटनेने स्पष्ट केले.

जनरल डबे टोकांना ठेवण्यामागे गर्दी विभागण्याचे व आरक्षित भाग सलग ठेवण्याचे व्यावहारिक कारण आहे. तरीही याचा परिणाम असा होतो की सर्वांत स्वस्त तिकिटाचा प्रवासी गाडीच्या सर्वाधिक धोक्याच्या भागात असतो. १०० आसनांच्या डब्यात प्रत्यक्षात त्याहून कितीतरी अधिक लोक असतात, म्हणून तेथील हानीही मोठी होते. काही गाड्यांत शयनयान डबे कमी करून वातानुकूलित डबे वाढवण्यात आल्यावर साध्या वर्गाच्या प्रवाशांची गर्दी उरलेल्या डब्यांत वाढली, अशी टीका झाली. त्यानंतर गाड्यांना अधिक जनरल डबे जोडण्याचे धोरण रेल्वेने जाहीर केले. वातानुकूलित डब्याचे भाडे जास्त असल्याने त्यातून उत्पन्न अधिक मिळते, तर जनरल व शयनयान डब्यांतून स्थलांतरित मजूर, विद्यार्थी व अल्प उत्पन्नाची कुटुंबे प्रवास करतात. या दोन गरजांमधील समतोल हा डबेरचनेतील सर्वांत वादाचा विषय आहे.

अलीकडील बदल

१५ फेब्रुवारी २०१९ रोजी नवी दिल्ली ते वाराणसी धावलेल्या पहिल्या वंदे भारत एक्सप्रेसला वेगळे इंजिन नव्हते. १६ डब्यांच्या या संचात चालक शक्ती अनेक डब्यांखाली विभागलेली असते. त्यामुळे गाडी लवकर वेग घेते आणि शेवटच्या स्थानकात इंजिन फिरवावे लागत नाही. अशा संचात एखादा डबा सहज काढता किंवा वाढवता येत नाही, ही त्याची मर्यादा आहे.

डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या अमृत भारत एक्सप्रेसमध्ये दोन्ही पद्धतींचा मेळ घातला आहे. तिच्या दोन्ही टोकांना डब्ल्यूएपी-५ वर्गाची इंजिने असून मध्ये २२ बिगर-वातानुकूलित डबे असतात. सुरुवातीच्या रचनेत त्यांत १२ शयनयान, ८ जनरल आणि २ गार्ड व सामान डबे होते. नव्या तंत्राची गाडी प्रथमच पूर्णतः साध्या वर्गाच्या प्रवाशांसाठी आखली गेली, हे तिचे वैशिष्ट्य मानले जाते.

हे सुद्धा पहा

- भारतीय रेल्वे
- दख्खनची राणी
- कोकण रेल्वे
- भोर घाट
- वंदे भारत एक्सप्रेस